मागच्या पडवीतला प्रश्न

अप्पांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली वहिनीला दिली तो गुरुवार होता. तिच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. त्याआधी सात वर्षं ती किल्ली माझ्याकडे होती.

अप्पांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. माझंही लग्न ठरलं होतं. दोन महिन्यांनी मी आमच्या वसईकडच्या निर्मळहून पापडीला सासरी जाणार होते, आणि मी गेल्यावर पुस्तकं उन्हात घालायला, वाळवी लागली का बघायला घरात कुणीतरी हवंच होतं. पण दोन महिने होते ना अजून. "मास्तरीणबाई, हे आता तुमच्याकडे," असं म्हणून वडिलांनी किल्ली पुढे केली आणि वहिनीने ती घेतली. ती मास्तरीण नव्हती. इतिहासाची बी.ए. होती आणि एम.ए.ला बाहेरून बसणार होती, एवढ्यावर अप्पांनी तिला ते नाव देऊन टाकलं. मला त्यांनी विजू सोडून दुसरं नाव कधी दिलं नाही.

वहिनी आचोळ्याची. तिचे वडील मूळचे कोकणातले, मुंबईत नोकरी, आणि नालासोपाऱ्याच्या पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक. आमच्याकडे आली तेव्हा तिला केळीचा लोंगर कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्या बोलीतलं निम्मं तिला कळत नसे, आणि कळलं नाही की ती सरळ विचारायची, लाजायची नाही. लग्न ठरवताना तिने एकच अट घातली होती: एम.ए. पुरं करणार. दादा म्हणाला, कर. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते. मलाही पुढे शिकायचं होतं. मला कुणी नाही म्हणालं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ही गोष्ट तिच्या येण्याने माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आणून दिल्याबद्दल मी तिला बरीच वर्षं क्षमा केली नाही.

हात कामात गुंतले की तिचं तोंड सुरू व्हायचं, आणि ती ज्या बायकांविषयी बोलायची त्या दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत वारलेल्या असायच्या. एम.ए.ला तिला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. त्यात लढाया होत्या, करार होते, राज्यघटना होती. पण हिचं लक्ष सुरुवातीच्या वसाहतींमधल्या घरांकडे. चुलीशी कोण बसत होतं, सूत कोण कातत होतं, नवरा गेल्यावर घर कुणाचं झालं. दादा मुंबईहून ऑफिसातल्या कुणाच्या तरी लायब्ररीच्या कार्डावर जाड इंग्रजी पुस्तकं आणायचा. दुपारी ती मराठीत टिपणं काढायची आणि संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापताना ती टिपणं आमच्या कानावर पडायची.

"आई, त्या बायका साबणसुद्धा घरी करायच्या. वर्षभर चुलीतली राख साठवायची, चरबी साठवायची, मग एक दिवस मोठ्या भांड्यात उकळत बसायचं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत."

"आणि बाप्ये काय करायचे?" आई विचारायची.

"रोजनिशीत लिहायचे. आज घरी साबण झाला."

आई पदर तोंडाला लावून हसायची. वाडीत कामाला येणारी मंजूबाय मिठागरांकडच्या गावातली. ती मागच्या दारात चहाचा कप घेऊन बसलेली असायची. "तुमची सून पानी भरताना पन शिकवते गो," ती आईला म्हणायची. "चार वर्सं इथं चहा प्याले तर मी पन मॅट्रिक होनार."

मी आतल्या खोलीत वाचत बसलेली असायचे. आई चौथी शिकलेली. मी इतकी पुस्तकं वाचली, पण त्यातलं एक पान आईला वाचून दाखवावं असं मला कधी सुचलं नव्हतं. आता भिंतीपलीकडून आईचं हसू ऐकू आलं की माझ्या हातातली ओळ सुटायची. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. ते हसू माझ्या वाटणीचं होतं असं मला वाटे.

तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती हा तिचा आवडता विषय. बायको घर सोडून गेली की नवरा पेपरात छापायचा: माझी बायको माझं घरदार टाकून गेली आहे, तिला कुणी थारा देऊ नये, तिच्या उधारीला मी बांधील नाही. वहिनी अशा जाहिराती खणखणीत आवाजात, दवंडी पिटल्यासारख्या वाचून दाखवायची. एकदा आईने भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि ती गेली कुठे?"

"ते लिहिलेलं नाही, आई."

"का गेली?"

"तेही नाही."

"तिला कुणी विचारलंच नसेल," आई म्हणाली आणि पुन्हा विळीकडे वळली.

वहिनीने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी आतून बघत होते. माझ्या आईचं वाक्य तिने वहीत घेतलं होतं. इतक्या वर्षांत आईचं एकही वाक्य मी लिहून ठेवलं नव्हतं.

आमच्याकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात ठेवायची, दिवस कलला की गोळा करून सुक्या पानांत झाकून घरात आणायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. असं सात-आठ दिवस. एक संध्याकाळ चुकली की दव पडतं आणि केळी आंबतात. पहिल्याच वर्षी, मी अजून घरात असताना, वहिनी पुस्तकात बुडाली आणि केळी बाहेर राहिली. सकाळी दोन मोठ्या पाट्या फुकट गेल्या. मला आनंद झाला. लपवून सांगण्यात अर्थ नाही, मला खूप आनंद झाला. आता आई बोलेल, आता अप्पा किल्ली परत मागतील, असं मी मनात मांडून ठेवलं होतं.

आईने आंबलेली केळी म्हशीच्या घमेल्यात टाकली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मोठ्याने वाच. म्हणजे मी मांडवापाशी बसून ऐकेन आणि ऊन उतरलं की तुला उठवीन."

त्यानंतर दर सुकेळीच्या दिवसांत मांडवाच्या सावलीत त्या दोघी बसलेल्या असायच्या, एक वाचते आहे आणि एक केळी परतते आहे. माझा आनंद एका सकाळपुरता टिकला होता.

लग्न होऊन मी पापडीला गेले. माझे यजमान शाळेत कारकून, शांत माणूस. मला जवळच्या वाचनालयात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. रविवारी मी सायकलने निर्मळला यायची. माहेरी येणाऱ्या मुलीला बाप ओटीवर वाट बघताना दिसावा अशी तिची इच्छा असते. अप्पा ओटीवर असायचे, पण वहिनीसमोर. ती शिकवायची आणि ते विद्यार्थ्यासारखे शंका काढायचे.

"अप्पा, तिथल्या एका राज्यात सुरुवातीला बायकांना मत होतं."

"आँ? तेव्हा?"

"सगळ्यांना नाही. ज्यांच्या नावावर मालमत्ता होती त्यांना. म्हणजे बिनलग्नाच्या आणि विधवा. लग्न झालेलीच्या नावावर काही राहायचंच नाही, सगळं नवऱ्याचं. पण होतं मत. तीसेक वर्षं होतं. मग काढून घेतलं."

"का काढलं?"

"तुम्ही असता तर दिलं असतंत का, अप्पा?"

बराच वेळ अप्पांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "विजू, तू काय म्हणतेस?" मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." मला कळत होतं. पण तिच्या विषयात मला मागून ओढून घेतलं, हे मला खपलं नाही.

असंच एका रविवारी तिने ती दुसरी गोष्ट सांगितली. त्या काळी तिकडे बायकोने आणलेली किंवा तिचा हक्क असलेली जमीन विकायची तर बायकोचीही संमती लागे. आणि ती संमती खरी आहे ना, हे बघायला न्यायाधीश तिला नवऱ्यापासून वेगळं नेत असे. दुसऱ्या खोलीत. तिथे दार लावून तिला विचारायचं: हे तू तुझ्या राजीखुशीने करतेस ना? कुणाच्या धाकाने नाही ना?

"मग काय सांगायच्या?" अप्पांनी विचारलं.

"जवळजवळ सगळ्याच हो म्हणायच्या. परत त्याच घरी जायचं होतं ना त्यांना."

"मग उपयोग काय विचारून?"

"माहीत नाही. पण मला सारखं वाटतं, अप्पा, की त्या खोलीत जाईपर्यंत तिला कुणी विचारलेलंच नसेल. एवढं चालत जायला तरी वेळ मिळाला असेल."

मला ती गोष्ट फार आवडली. इतकी आवडली की पापडीला येईपर्यंत मी सायकलवर तीच घोळवत होते. आणि घरी पोचल्यावर यजमानांना सांगताना मी असं सांगितलं, जसं काही ते मीच कुठे वाचलं होतं.

अप्पा गेले तेव्हा वहिनीच्या एम.ए.चा शेवटचा भाग राहिला होता. वाडी अप्पांच्या नावावर होती, अठरा गुंठे आणि घर. तलाठ्याकडे वारसांची नावं लागली: आई, दादा आणि मी. सातबारावर माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं. कुणाची अमुक, कुणाची तमुक असं नाही, नुसतं नाव, दोघांच्या नावांच्या बरोबरीने. मी तो कागद जरा जास्त वेळ हातात धरला. मग दादाने विचारलं, "विजू, हक्कसोडचं कधी करायचं?"

दादाला मी दोष देत नाही. आमच्याकडे रीतच ती. बाप गेला की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी देतो, आणि माहेरचा उंबरा उघडा राहतो. सही न करणारी बहीण मी ऐकली होती, पाहिली नव्हती. सही न करण्याचा विचार माझ्या मनात आला होता का? आला होता. तो कागद हातात धरला तेव्हा आला होता. माझं एक तृतीयांश होतं. वहिनी सांगायची, तिकडे विधवेलाही नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळे, पण फक्त मरेपर्यंत वापरायला. माझं कायमचं होतं. यजमानांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, बघू. ते "बघू" जवळजवळ दोन महिने टिकलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर मी कदाचित नाही म्हटलं असतं.

ज्या सकाळी वसईला नोंदणीच्या कचेरीत जायचं होतं, त्या सकाळी मी निर्मळला आले. मी अजून ठरवलेलं नव्हतं. दादा कपडे करत होता. साडी आणलेली होती, हिरवी, जरीकाठी. वहिनी माझ्या हाताला धरून म्हणाली, "विजूताई, जरा मागे या."

मागच्या पडवीत नारळ सोलायची कोयती आणि पाट्या रचलेल्या होत्या. तिने मधलं दार ओढून घेतलं. मग ती म्हणाली, "तू हे राजीखुशीने करतेस का?"

मी तिला लग्नापासून "तुम्ही" म्हणायला लावलं होतं. नणंदेचा मान म्हणून नव्हे, लांब राहावी म्हणून. त्या दिवशी ती पहिल्यांदा "तू" म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुला करायचं नसेल तर मला सांग. मी बाहेर जाऊन यांना सांगते की आज जायचं नाही. वाईटपणा मी घेते."

"वहिनी, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"हो. म्हणून तर बाजूला घेऊन विचारतेय."

"दादाने माझ्यावर जबरदस्ती केलीय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. मी फक्त विचारतेय. तुला हवंय की नको?"

आज हे लिहिताना मला तिचा चेहरा आठवतो. घाबरलेला होता. तेव्हा मला तो घाबरलेला दिसला नाही. मला दिसली ती अप्पांची मास्तरीणबाई. माझं कपाट घेतलं, माझ्या आईचं हसू घेतलं, बापाचे रविवार घेतले, आणि आता माझा हिस्सा माझ्या पदरात टाकून मोठं व्हायला निघाली आहे. नवऱ्याचं नुकसान करून नणंदेला न्याय देणारी. गावात बोलतील, सून असावी तर अशी. मी वाडी ठेवली असती तर ती तिने मला दिल्यासारखी झाली असती. ते मला नको होतं.

"मी राजीखुशीने करतेय," मी म्हणाले. "आणि तुमची पुस्तकं तुमच्याजवळ ठेवा. हे निर्मळ आहे, अमेरिका नाही."

तिने दार उघडलं. "बरं," म्हणाली. "चहा ठेवलाय, पिऊन जा."

कचेरीत गर्दी होती. कारकुनाने मान वर न करता विचारलं, मान्य आहे ना? दादा माझ्या डाव्या हाताला उभा होता, ओळखीचे दोन साक्षीदार उजव्या. मी मान्य म्हणाले, सही केली, अंगठा उठवला. आयुष्यात मी असंख्य माणसांच्या धाकाने वागले, पण त्या दिवशी धाक कुणाचाच नव्हता. होता तो हेवा. आणि त्याच्याबद्दल विचारायची पद्धत कुठल्याही कायद्यात नाही.

हिरवी साडी मी दोनदा नेसले.

वहिनीने तो विषय परत काढला नाही. मला "विजूताई, तुम्ही" म्हणणं तिने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. ती एम.ए. झाली. दुसरा वर्ग मिळाला, आणि पहिला मिळाला नाही याचं मला किंचित समाधान वाटलं. पुढे ती घरीच दहावीच्या मुलींची इतिहासाची शिकवणी घ्यायला लागली. ओटीवर पंधरा-वीस मुली बसायच्या. दोन हजार साल उलटलं तसं आमच्या आजूबाजूच्या वाड्या एकेक करून विकल्या जायला लागल्या. केळीच्या जागी खांब उभे राहायचे. दादाची कंपनी बंद पडली आणि त्यानेही वाडी विकायची ठरवली. पन्नाशीच्या आत घरी बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तेव्हा वहिनी एकटी पापडीला माझ्याकडे आली. लग्नाला तेरा वर्षं होऊन गेली होती, आणि ती माझ्या घरी एकटी येण्याची ती पहिली वेळ. स्कूटर फाटकात लावली, आत आली, पाणी प्यायली.

"ते विकतायत," ती म्हणाली.

"मला कळलं."

"मला वाडी राहावी असं वाटतं. त्यांना सांगून झालं. ते म्हणतात, तुला काय कळतं, पुस्तकं वाच. रागाने नाही म्हणत. थकलेत." मग जरा वेळाने म्हणाली, "माझी सही कुठेच लागत नाही, विजूताई. त्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण त्या कागदावर मी नाहीच. तुमचं नाव असतं तर त्यांना तुमच्यापर्यंत यावं लागलं असतं. मग कदाचित आपण दोघी मिळून काही बोललो असतो."

"म्हणून तेव्हा विचारलं होतंत?"

"थोडं त्यासाठी. सगळं नाही."

"मग तेव्हा हे का नाही सांगितलंत? तुम्हाला माझी गरज आहे म्हणून?"

"तुमचं काय म्हणणं आहे ते विचारायला गेले होते," ती म्हणाली. "तिथे माझं सांगत बसले असते तर विचारणं कसलं?" आणि हसून म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर माझ्यासाठी तुम्ही नाही म्हणाला असतात का?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. ओट्यावरची केळफुलाची भाजी चाखून बघितली, मीठ कमी आहे म्हणाली, आणि गेली.

इतकी वर्षं मी समजत होते की ती पडवीत मला काही द्यायला आली होती. ती काही मागायला आली होती, आणि मागितलं नव्हतं.

विक्रीच्या कागदांवर आईची सही लागणार होती, कारण सातबारावर आता दादा आणि आई, दोनच नावं होती. आई सही करणार यात कुणाला शंका नव्हती. आईने आयुष्यात कशाला नाही म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. पुढचं मला आईनेच सांगितलं, तेही खूप नंतर. ज्या दिवशी बिल्डरचा माणूस कागद घेऊन ओटीवर येऊन बसला, त्या दिवशी वहिनीने आईला मागच्या पडवीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"काय विचारलं तिने?" मी म्हटलं.

"तेच. राजीखुशीने का."

"मग तू?"

"मी म्हटलं, वाडी जाऊ दे, पोरगा तरी सुखात राहील. पण बावखल नाही देणार." बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, सगळ्या वाडीचं शिंपण त्याच्यावर. बिल्डर पहिल्यांदा तेच भरून काढतात. "तिने विचारलं, का नाही? मी म्हटलं, का ते मला सांगता येत नाही. तर म्हणाली, कारण नको, एवढं पुरे. आणि बाहेर जाऊन तिने तसंच सांगितलं."

दादा दोन दिवस जेवला नाही. बिल्डर रागावला, भाव पाडला, शेवटी बावखल सोडून बाकीचं घेतलं. मी आईकडे बघत राहिले. चाळीस वर्षं मी तिची मुलगी होते आणि तिला काय नको आहे हे मला माहीत नव्हतं. एवढ्यासाठी तिला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं. मला आईचा अभिमान वाटला, पण त्याच्याही आधी वहिनीचा हेवा वाटला. हा क्रम मी बदलून लिहू शकले असते.

वहिनी एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. रक्ताचा आजार होता, पाच महिन्यांत आटोपलं. शेवटच्या महिन्यात मी रोज जायची. तिला वाचून दाखवायची, कारण तिचे डोळे लगेच थकत. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "छान वाचतेस गं. आधी का नाही वाचलंस?" ती पुन्हा "तू" म्हणाली होती. एकदा तिला मी ते सगळं सांगायचं ठरवून गेले, किल्लीपासून. सुरुवात केली, "वहिनी, मला तुझा..." ती म्हणाली, "माहीत आहे गं. पान उलट." मी पान उलटलं.

दहाव्या दिवशी गावातल्या बायका भेटायला आल्या. मी दाराशी बसून होते. एक म्हणाली, आमच्या हक्कसोडच्या वेळी वहिनींनी मला मागे नेऊन विचारलं होतं. दुसरी म्हणाली, मलाही. तिच्या शिकवणीतली एक मुलगी, आता लग्न झालेली, म्हणाली, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाई घरी आल्या, मला मोरीपाशी नेलं आणि विचारलं. अशा सात-आठ जणी निघाल्या. प्रत्येकीला दार ओढून घेतल्याचा आवाज आठवत होता.

तो प्रश्न माझा एकटीचा होता असं मी धरून बसले होते. त्याचा राग, त्याची लाज, सगळं मी इतकी वर्षं एकटीने बाळगलं होतं. मी त्या बायकांना विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?" सगळ्याच हो म्हणाल्या होत्या, माझ्यासारख्याच. एकीने सांगितलं, "पण ते विचारलेलं बरं वाटलं हो." आणि ती रडायला लागली, आणि तिला माझ्याआधी रडू आलं म्हणून मी तिचाही हेवा केला.

दादा आता बिल्डरने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. आई त्याच्याकडे असते. मी रविवारी जाते आणि आईला वाचून दाखवते. खिडकीतून खाली बावखल दिसतं, कडेला चार माड आणि थोडी अळूची पानं. सव्वादोन गुंठे आहे. ते आईच्या नावावर आहे.